पिवळ्या-काळ्या पुस्तकांतली सुपारी

२९ ऑक्टोबर १९६५, शुक्रवार. पॅरिसच्या सँ-जर्मँ बुलेव्हारवर १५१ नंबरला ‘लिप’ नावाचं जुनं रेस्तराँ आहे. लेखक, पत्रकार, पुढारी यांची तिथे कायम ऊठबस. भर दुपारी, जेवणाच्या वेळेला, त्याच्या दारापाशी पंचेचाळिशीतला एक ठेंगणा, चपळ माणूस येतो. बरोबर एक तरुण विद्यार्थी. तिथे थांबलेले आणखी दोघंजण पुढे होऊन पोलिसांचं ओळखपत्र दाखवतात. ओळखपत्र खरं असतं, पोलीसही खरे असतात. माणूस त्यांच्या प्यूजो ४०३ गाडीत जाऊन बसतो आणि गाडी निघते. तो पुन्हा जगाच्या नजरेस पडला नाही.

मेहदी बेन बार्का त्याचं नाव. मोरोक्कोतला गणिताचा शिक्षक; पुढे राजा झालेला दुसरा हसन हा एकेकाळचा त्याचा विद्यार्थी. शिष्य गादीवर बसला आणि गुरुजी विरोधी पक्षात गेले. मायदेशात त्याच्या गैरहजेरीत त्याला फाशीची शिक्षा झालेली होती. जानेवारी १९६६मध्ये हवानाला आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या क्रांतिकारी संघटनांची मोठी परिषद भरायची होती आणि तिच्या तयारीची सूत्रं याच्या हातात होती. साहजिकच तो ज्यांच्या डोळ्यांत खुपत होता ती मंडळी एका देशातली नव्हती. लिपमध्ये त्याला बोलावलं होतं ते वसाहतींच्या मुक्तीवरच्या एका माहितीपटाची चर्चा करायला. दिग्दर्शक जॉर्ज फ्रांजू खरोखरच तिथे यायचा होता. हा सिनेमा म्हणजे सापळ्यातलं आमिष आहे, याची त्या बिचाऱ्याला कल्पनाही नव्हती. सापळा लावण्यात पुढे होता जॉर्ज फिगों. तुरुंगाची हवा खाऊन आलेला, पुस्तकवाल्यांत आणि सिनेमावाल्यांत मिरवणारा, तोंडाळ माणूस.

गाडी गेली पॅरिसच्या दक्षिणेला, फोंतने-ल-व्हिकोंत गावातल्या एका बंगल्यावर. बंगला जॉर्ज बुशसेशचा. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त रस आहे तो या माणसात. जर्मनांनी पॅरिस व्यापलं होतं तेव्हा ९३, र्‍यू लोरिस्तों या पत्त्यावर फ्रेंच गुंडांचीच एक टोळी गेस्टापोचं काम करत असे. लुटालूट, छळ, खून, सगळं. बुशसेश त्या टोळीतला. युद्ध संपल्यावर तो पिएर लूत्रेलच्या दरोडेखोर टोळीत दिसतो. १९४६ साली एका जवाहिऱ्याला लुटून पळताना लूत्रेलला स्वतःच्याच पिस्तुलाची गोळी लागली आणि तो मेला. साथीदारांनी प्रेत गुपचूप पुरलं. ते पचलं नाही, बुशसेश आत गेला. बाहेर आल्यावर त्याने हॉटेलं चालवली, कुंटणखाने चालवले आणि गुप्तहेर खात्यातल्या लोकांशी ओळखी ठेवल्या. आधी जर्मनांच्या कामाला आलेला माणूस वीस वर्षांनी प्रजासत्ताकाच्या राजधानीत एका क्रांतिकारकाला गायब करण्याच्या कामाला आला. सरकारं बदलली, गिऱ्हाईकं बदलली, कारागीर तोच राहिला.

हे मला इतिहासाच्या पुस्तकातून कळलेलं नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकत होते. आमच्या एक बाई पुण्याचं बिऱ्हाड मोडताना पुस्तकं वाटत होत्या. मोलिएर, बाल्झाक हुशार मुलींनी उचलले. माझ्या वाट्याला उरलं ते तळहाताहून जरा मोठं, काळ्या मुखपृष्ठावर पिवळी अक्षरं असलेलं एक चोपडं. मागच्या बाजूला पुरुषी अत्तराची जाहिरात. आतला कागद तेव्हाच बिस्किटाच्या रंगाला आलेला. लेखकाचं नाव झाँ-पात्रिक मांशेत, कादंबरीचं नाव ‘लाफेअर न्गुस्त्रो’. शब्दकोश घेऊन बसले तर निम्मे शब्द कोशात नाहीत. पुढे पस्तीसेक वर्षं मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करून पोट भरलं. पंप, व्हॉल्व्ह, बॉयलर. पण फ्रेंच भाषा मला आली ती या असल्या पुस्तकांतून, हे आता सांगायला हरकत नाही.

या पुस्तकमालेचं नाव ‘सेरी न्वार’, म्हणजे काळी मालिका. गालिमार या फ्रान्समधल्या अत्यंत प्रतिष्ठित प्रकाशनाने ती १९४५मध्ये सुरू केली. प्रूस्त आणि काम्यू छापणाऱ्या घराने असली पुस्तकं काढावीत यावर तेव्हा भल्याभल्यांनी नाकं मुरडली. कल्पना मार्सेल द्युआमेलची. हा माणूस हॉटेल चालवत होता, नट होता, भाषांतरकार होता. विशीत असताना मोंपार्नासमधल्या ५४, र्‍यू द्यु शातो या घरात कवी झाक प्रेव्हेर आणि चित्रकार इव्ह तांगी यांना त्याने आपल्या खर्चाने ठेवून घेतलं होतं आणि पॅरिसचे सगळे अतिवास्तववादी तिथे पडीक असत. ‘सेरी न्वार’ हे नावही प्रेव्हेरनेच सुचवलेलं. पुढे द्युआमेलने वाचकांना एक इशाराच छापून दिला होता. त्याचा मथितार्थ असा, की शेरलॉक होम्सच्या चाहत्यांनी या वाटेला येऊ नये. इथे कधी रहस्य नसेल, कधी गुप्तहेरही नसेल, आणि पोलीस तर ज्या चोरांच्या मागे आहेत त्यांच्याहून नासके निघतील.

गंमत अशी की अमेरिकन धाटणीची म्हणून गाजलेली ही मालिका उभी राहिली दोन इंग्रजांच्या जिवावर. पहिली दोन पुस्तकं पीटर चेनीची, तिसरं जेम्स हॅडली चेसचं. आपल्याकडे व्हीलरच्या स्टॉलवरून घेऊन डेक्कन क्वीनमध्ये ज्याची पुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली, तोच हा चेस. त्याचे वडील ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करात होते. हा स्वतः लंडनचा. अमेरिकेचे नकाशे आणि बोलीभाषेचे कोश समोर ठेवून त्याने अमेरिकन गुंड रंगवले. ते पॅरिसच्या भाषांतरकारांच्या हाती पडले आणि पिगालच्या गल्लीतली भाषा बोलू लागले. भाषांतरकार म्हणून मला हे एकाच वेळी आवडतं आणि खुपतंही. आवडतं, कारण भाषा जिवंत आहे. खुपतं, कारण द्युआमेलची कात्री फार निर्दय होती. ठरलेल्या पानांत बसलं नाही तर परिच्छेदच्या परिच्छेद उडायचे. रेमंड चँडलरच्या ‘द लाँग गुडबाय’सारख्या कादंबरीलाही तिने सोडलं नाही. आणि कापलं जायचं काय, तर माणसाचं मन, हवामान, विचार. शिल्लक राहायची ती मारामारी. फ्रेंच लेखकांची एक पिढी ही कापलेली पुस्तकं वाचून लिहायला शिकली. त्यांच्या गद्यातला तो कोरडेपणा थोडाफार या कात्रीचाही आहे, असं मला वाटतं.

सुरुवातीला फ्रेंच लेखकांना स्वतःच्या नावाने छापून येणंही कठीण होतं. १९४८मध्ये सेर्झ आर्कुए नावाचा लेखक ‘टेरी स्टुअर्ट’ झाला. १९५०मध्ये झाँ मेकेर हा ‘जॉन आमिला’ झाला. वाचकाला अमेरिकन माल हवा, तर लेबल तरी अमेरिकन लावा. आमच्याकडे नेमकं उलटं. माझ्या वडिलांचे लाडके बाबूराव अर्नाळकर, म्हणजे मूळचे चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांच्या काही कथांची मुळं इंग्रजीत असली तरी धनंजय, छोटू, झुंझार, काळा पहाड हे सगळे कसे अस्सल इथले. हजाराच्या वर पुस्तकं त्या एका माणसाने लिहिली. पण काळा पहाड श्रीमंत पाप्याला लुटतो आणि गरिबाला वाटतो; सरकार त्याचा बंदोबस्त करू पाहतं, त्याला कामाला लावत नाही. पॅरिसच्या मारेकऱ्याशी त्याची सोयरीक जुळत नाही ती इथे.

आता क्रांतीकडे. पॅरिस हे परदेशी क्रांतिकारकांचं आश्रयस्थान फार जुनं, आणि तितकंच जुनं ते त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्या हेरांचं शहर. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, ज्यांना पुढे आपण सेनापती बापट म्हणून ओळखलं, ते बाँबची विद्या मिळवायला इंग्लंडहून गेले ते पॅरिसलाच. तिथल्या रशियन क्रांतिकारकांकडून ती विद्या हिंदुस्थानात पोहोचली. मादाम कामांचं ठाणंही तिथेच. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मार्सेयच्या बंदरात बोटीतून उडी मारली ती फ्रान्सची भूमी आपल्याला आसरा देईल या भरवशावर. तिथल्या शिपायाने त्यांना पकडून परत इंग्रजांच्या हवाली केलं. हेगच्या लवादाने फेब्रुवारी १९११मध्ये निकाल इंग्लंडच्या बाजूने दिला. त्याच फेब्रुवारीत पॅरिसमध्ये ‘फाँतोमास’चा पहिला भाग बाजारात आला. पिएर सुव्हेस्त्र आणि मार्सेल आलँ या जोडगोळीने महिन्याला एक या वेगाने बत्तीस भाग पाडले. खून करून वेष बदलणारा आणि कधीच हाती न लागणारा हा खलनायक लोकांनी डोक्यावर घेतला. त्या वर्षअखेरीस बोनोच्या अराजकवादी टोळीने र्‍यू ऑर्दनेरवर बँकेच्या माणसाला लुटून मोटारीतून पळ काढला. लुटीसाठी मोटार वापरण्याची ही नवलाई होती. पोलिसांकडे सायकली आणि घोडे.

त्या काळातले अराजकवादी काय करायचे ते स्वतःच्या हाताने करायचे आणि स्वतःची मान द्यायचे. १८९४मध्ये राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना लियोंमध्ये भोसकणारा काझेरिओ हा पोरसवदा भटारखान्यातला कामगार. त्याला कुणी दमडी दिलेली नव्हती. भाड्याचा मारेकरी ही गोष्ट क्रांतीच्या बाजूने फारशी आलेली दिसत नाही. ती आली समोरच्या, म्हणजे सरकारच्या, बाजूने.

पण पन्नासच्या दशकातल्या सेरी न्वारमध्ये हा सरकारी सुपारीचा भाग औषधालाही सापडत नाही. १९५३मध्ये आल्बेर सिमोनँची ‘तूशे पा ओ ग्रिस्बी’ आणि ओग्युस्त ल ब्रतोंची ‘द्यु रिफिफी शे लेझोम’ या दोन कादंबऱ्यांनी फ्रेंच गुंडाला फ्रेंच नावाने मैफलीत बसवलं. दोन्हींवर सिनेमे झाले, दोन्ही गाजले. त्यांतले गुंड उत्तम कपडे घालतात, शब्द पाळतात, मित्रासाठी मरतात. युद्धात हे लोक काय करत होते, हा प्रश्न मात्र कुणी विचारायचा नाही.

याचा कळस म्हणजे झोझे जिओव्हानी. या माणसाला १९४८मध्ये खुनांच्या प्रकरणात देहदंडाची शिक्षा झाली होती, ती पुढे माफ झाली, आणि १९५६च्या अखेरीस बाहेर येऊन तो लेखक झाला. तुरुंगात त्याला भेटला होता आबेल दानोस. हाही र्‍यू लोरिस्तोंच्या गेस्टापो टोळीतला, लूत्रेलच्या टोळीतला, म्हणजे आपल्या बुशसेशचा जुना सहकारी. दानोसला १९५२मध्ये गोळ्या घातल्या. जिओव्हानीने १९५८मध्ये त्याच्यावर ‘क्लास तू रिस्क’ लिहिली. नावात एका अक्षराचा फरक केला, दानोसचा दाव्होस झाला. दोन लहान मुलांना घेऊन पळणारा, मित्रांनी वाऱ्यावर सोडलेला हा बाप वाचताना डोळ्यांत पाणी येतं. क्लोद सोतेच्या सिनेमात लिनो व्हेंतुराने ते काम असं केलंय की काळीज हलतं. फक्त गेस्टापोचं नाव कुठेही नाही. १९९३मध्ये स्विस वर्तमानपत्रांनी उघड केलं की खुद्द जिओव्हानीच युद्धकाळात जर्मनांच्या बाजूने होता. ती कादंबरी मला आजही आवडते. पण ती वाचताना आता हात आखडतो.

मग अल्जीरियाचं युद्ध आलं, १९५४ ते १९६२. या आठ वर्षांत फ्रान्समध्ये सुपारीचा धंदा सरकारी खर्चाने भरभराटीला आला. अल्जीरियन क्रांतिकारकांना शस्त्रं पुरवणारे व्यापारी युरोपच्या शहरांत बाँबने उडू लागले आणि जबाबदारी ‘लाल हात’ नावाच्या एका संघटनेवर टाकली जाऊ लागली. त्या हातामागे फ्रेंच गुप्तहेर खातं होतं. दुसरीकडे, राष्ट्राध्यक्ष द गोलने अल्जीरिया सोडायचं ठरवल्यावर कडव्या वसाहतवाद्यांनी स्वतःची गुप्त सेना काढली, आणि त्यांना निपटायला सरकारने गुंडांसकट नाना तऱ्हेची माणसं अल्जिअर्सला धाडली. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पती-क्लामार इथे द गोलच्या गाडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला, तो वाचला. कटाचा सूत्रधार लेफ्टनंट कर्नल बास्तिएँ-तिरी याला मार्च १९६३मध्ये गोळ्या घातल्या.

त्या वेळी पॅरिसमध्ये रॉयटर्सचा एक तरुण इंग्रज बातमीदार होता, फ्रेडरिक फोर्सिथ. त्याची ‘द डे ऑफ द जॅकल’ १९७१मध्ये आली आणि भाड्याचा मारेकरी म्हटलं की जगाच्या डोळ्यांसमोर तोच आला: देखणा, थंड डोक्याचा, खोट्या पासपोर्टात तरबेज. आमच्या कॉलेजातही ती फाटेपर्यंत फिरली. अप्रतिम यंत्र आहे ते पुस्तक. द गोल स्वतःच्या घरी नैसर्गिक मरणाने गेला हे माहीत असूनही आपण पानं उलटत राहतो.

त्याच वर्षी, १९७१मध्ये, मांशेतची ‘लाफेअर न्गुस्त्रो’ आली. मांशेतचा जन्म १९४२चा, मार्सेयचा. विद्यार्थीदशेत अल्जीरियाच्या युद्धाविरुद्ध डाव्या चळवळीत, नंतर सिच्युएशनिस्ट या डाव्या गटाच्या लिखाणाच्या नादाला लागलेला, पटकथा आणि भाषांतरांवर पोट भरणारा, जाझ आणि अमेरिकन कादंबऱ्यांचा वेडा. अमेरिकन लेखक हॅमेट हा त्याचा देव. त्याच्याकडून त्याने एक गोष्ट घेतली ती जन्मभर सोडली नाही: माणसाच्या डोक्यात शिरायचं नाही. तो काय करतो, काय पितो, कुठल्या बनावटीचं पिस्तूल बाळगतो, कुठली तबकडी ऐकतो, एवढंच सांगायचं. राग, दुःख, पश्चात्ताप वाचकाने आपले आपण काढून घ्यावेत.

न्गुस्त्रो म्हणजे बेन बार्का, यात शंका घ्यायला जागाच नाही. एका कल्पित आफ्रिकी देशाचा विरोधी नेता पॅरिसमधून पळवला जातो. पण गोष्ट सांगतो आंरी ब्युत्रों नावाचा एक उडाणटप्पू, उजव्या विचारांचा, स्वतःवर भारी खूश असलेला तरुण. तो आपली कहाणी टेपवर बोलतो. तो सुरुवातीलाच मारला जातो, आणि टेप ऐकत बसलेत ते त्याला मारवणारे साहेब. हा ब्युत्रों म्हणजे फिगोंच. खऱ्या फिगोंच्या नावाने जानेवारी १९६६मध्ये ‘लेक्सप्रेस’ साप्ताहिकात बेन बार्काला मारताना पाहिल्याची हकिगत छापून आली आणि आठवड्याभरात, १७ तारखेला, पोलीस दारात असताना तो गोळी लागून मेला. पोलिसांनी आत्महत्या म्हटलं. पॅरिसमध्ये त्यावर काय काय विनोद झाले ते सांगायला नको.

मांशेतची हुशारी मला दिसते ती टेपच्या या योजनेत. ज्याला वाटतं आपण गोष्ट सांगतोय, त्याची गोष्ट त्याच्या मारेकऱ्यांच्या करमणुकीला. क्रांतिकारकाचं नाव मुखपृष्ठावर, पण आत तो जेमतेम दिसतो. खुनाच्या कागदपत्रांतही तसंच असतं. मेलेल्या माणसाबद्दल सर्वांत कमी मजकूर.

पुढच्या वर्षी आलेल्या ‘ओ दँगो, ओ शातो’ या कादंबरीत थॉम्पसन नावाचा व्यावसायिक मारेकरी आहे. त्याला अल्सर आहे. अन्न टिकत नाही, पोट जळतं, वाकून चालतो, ओकतो, आणि तरीही मनोरुग्णालयातून बाहेर आलेली एक तरुणी आणि एक लहान मुलगा यांच्या मागावर फ्रान्सभर फिरतो. काम जितकं लांबतं तितका तो खंगतो. जॅकलच्या शेजारी हा थॉम्पसन ठेवून पाहा. एक सुपारी घेणारा जाहिरातीतल्या मॉडेलसारखा, दुसरा महिनाअखेरीचं टार्गेट न गाठलेल्या फिरत्या विक्रेत्यासारखा. मांशेतला मारेकरी हा नोकरदारच वाटत होता. वरून हुकूम, खाली निमूटपणा, आणि पोटात आम्ल. याच कादंबरीला १९७३चं गुन्हेगारी साहित्याचं मोठं पारितोषिक मिळालं.

‘नादा’ (१९७२) ही सर्वांत गाजलेली. मे १९६८चा उठाव ओसरलेला, आणि अराजकवाद्यांची एक फाटकी टोळी पॅरिसमध्ये अमेरिकन राजदूताला कुंटणखान्यातून पळवते. त्यांच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर ऐनवेळी तात्त्विक मतभेदावरून बाहेर पडतो. आपल्याकडच्या डाव्या अभ्यासमंडळांत बसलेल्या कुणालाही हा मास्तर ओळखीचा वाटेल. पोलीस त्यांचं लपायचं शेतघर वेढतात आणि शरण येऊ पाहणाऱ्यांनाही उडवतात. मांशेत स्वतः डावा असून त्याने क्रांतिकारी दहशतवादाला माफ केलं नाही. टोळीचा म्होरक्या बुएनाव्हेंतुरा अखेरीस ज्या निष्कर्षाला येतो तो असा, की बंदूक घेतलेला क्रांतिकारक आणि बंदूक घेतलेलं सरकार एकमेकांना पोसतात. हे लिहिलं तेव्हा जर्मनी आणि इटलीतला रक्तपात अजून पुरता पेटायचा होता. १९७४मध्ये क्लोद शाब्रोलने त्यावर सिनेमा काढला. मला तो पुस्तकापेक्षा ढिला वाटतो.

‘ल पती ब्ल्यू द ला कोत वेस्त’ (१९७६) मध्ये दोन मारेकरी आहेत आणि त्यांचा मालक डोमिनिकन प्रजासत्ताकातला निवृत्त छळछावणीवाला. क्रांती दडपून झाल्यावर फ्रान्समध्ये सुखाने राहणारा. बाकी कादंबरी एका कंपनीच्या मॅनेजरची आहे, मर्सिडीजमध्ये जाझ ऐकत रात्री रिंगरोडवर गरगरणाऱ्या. ‘फाताल’ची (१९७७) मारेकरी तर बाई, एमे झुबेर. एका बंदराच्या गावात येते, प्रतिष्ठितांच्या बैठकीत शिरते, कोण कुणाच्या जिवावर उठलाय ते पाहते आणि मग भाव सांगते. सेरी न्वारने ही कादंबरी नाकारली, ती त्यांच्या चौकटीत बसेना. गालिमारने मालिकेबाहेर छापली. माझ्या मते मांशेतचं सर्वांत धारदार पुस्तक तेच, आणि सर्वांत छोटंही.

शेवटची ‘ला पोझिस्यों द्यु तिरर कूशे’, १९८१. मार्तँ तेरिए हा मारेकरी निवृत्त होऊ पाहतो. दहा वर्षांपूर्वी गावातल्या श्रीमंत मुलीला शब्द दिला होता, पैसे कमावून परत येईन. मालक सोडत नाहीत, मुलगी वाट पाहत बसलेली नाही, आणि मध्येच धक्क्याने याची वाचा बसते. निम्मी कादंबरी नायक बोलतच नाही. शेवटी तो बापासारखाच एका खानावळीत वेटर होतो. यानंतर मांशेतने हयातीत दुसरी कादंबरी छापली नाही. १९९५मध्ये तो कर्करोगाने गेला, वय बावन्न.

त्याने उघडलेल्या दारातून बरेच आले. त्यातला दिदिए देनँक्स मला महत्त्वाचा वाटतो. १७ ऑक्टोबर १९६१च्या रात्री पॅरिसमध्ये अल्जीरियनांच्या शांततामय मोर्चावर पोलिसांनी हल्ला केला. माणसं मारली, सेन नदीत फेकली. सरकारने मेलेल्यांचा आकडा तीन सांगितला. इतिहासकार आज कित्येक डझनांपासून दोनशेच्या वरपर्यंत बोलतात. वीस वर्षं यावर जाहीर बोलणं जवळजवळ बंद होतं. देनँक्सची ‘मर्त्र पूर मेम्वार’ १९८४मध्ये याच पिवळ्या-काळ्या वेष्टनात आली. मोर्चाच्या गर्दीत एका इतिहासशिक्षकाला भाडोत्री माणूस गोळी घालतो, वीस वर्षांनी त्या शिक्षकाचा मुलगाही मारला जातो, कारण बाप-लेक दोघंही युद्धकाळातल्या ज्यूंच्या हद्दपारीचे कागद चाळत होते. सुपारी देणारा बडा सरकारी अधिकारी.

त्या अधिकाऱ्याचा खरा नमुना मॉरिस पापों. १९६१ साली पॅरिसचा पोलीसप्रमुख तो होता. १९६५मध्ये लिपच्या दारात दोन खऱ्या पोलिसांनी ओळखपत्रं काढली तेव्हाही पोलीसप्रमुख तोच. युद्धात बोर्दोमध्ये ज्यूंच्या हद्दपारीच्या आदेशांवर सह्या करणाराही तोच, हे ‘ल कानार आँशेने’ने १९८१मध्ये बाहेर काढलं. खटला उभा राहून शिक्षा झाली १९९८ला, आणि तीही ज्यूंच्या प्रकरणात. १९६१च्या रात्रीसाठी त्याला कोणत्याही न्यायालयाने कधी जाब विचारला नाही.

बेन बार्काच्या खटल्याचा निकाल ५ जून १९६७ला लागला. मोरोक्कोचा मंत्री जनरल उफकिर आणि बुशसेशसकट चार गुंडांना जन्मठेप, सगळ्यांना गैरहजेरीत, कारण सगळे मोरोक्कोत सुखरूप. हजर असलेल्यांपैकी ओर्ली विमानतळावरचा खबऱ्या लोपेझ याला आठ वर्षं, गाडीत बसवून नेणाऱ्या सूशोंला सहा. द गोलने आधीच पत्रकार परिषदेत फ्रेंच बाजूचा हात किरकोळ आणि खालच्या पायरीचा असल्याचं सांगून टाकलं होतं. मृतदेह आजतागायत सापडलेला नाही.

मराठी वाचकाला फ्रेंच गुन्हेगार भेटला तो मुख्यतः रवींद्र गुर्जरांनी मराठीत आणलेल्या ‘पॅपिलॉन’मधून. पुस्तक झकास आहे, पण त्यातला गुन्हेगार सरकारच्या तावडीतून सुटू पाहणारा. सरकारच्या पगारावरचा गुन्हेगार पाहायचा असेल तर मांशेतकडे जावं लागतं. त्याच्या बहुतेक कादंबऱ्या आता इंग्रजीत चांगल्या भाषांतरात मिळतात. ‘नादा’पासून सुरुवात करू नका, तिची कीर्ती आड येते. आधी ‘फाताल’ घ्या, एका बैठकीत होईल, मग ‘न्गुस्त्रो’. आणि कुणी तरुण मित्र-मैत्रीण मराठीत आणायचं मनावर घेणार असेल, तर इंग्रजीवरून नको, फ्रेंचवरूनच आणा, आणि एक वाक्यही कापू नका. माझी प्रत द्यायला मी तयार आहे.